रेल्वे संग्रहालये

रेल्वे संग्रहालये : लोहमार्गावरील वाहतुकीत एकेकाळी वापरात असलेली एंजिने, डबे, वाघिणी, रूळ, सिग्नल-यंत्रणा, तिकिटे, नकाशे, गणवेश व कागदपत्रे यांचे जतन, अभ्यास आणि प्रदर्शन करणाऱ्या संस्थांना रेल्वे संग्रहालये असे म्हणतात. इतर वस्तुसंग्रहालयांहून त्यांचे स्वरूप एका बाबतीत वेगळे आहे. मूर्ती, नाणे वा चित्र हे स्वतःपुरते पूर्ण असते. एंजिन मात्र एका विशाल यंत्रणेचा केवळ एक भाग असते. रूळ, घाट, पूल, पाणी भरण्याची सोय, कोळशाचा पुरवठा, वेळापत्रक आणि ही सारी यंत्रणा चालविणारा कामगारवर्ग यांच्यापासून वेगळे काढून चौथऱ्यावर उभे केलेले एंजिन पाहणाऱ्यास भव्य वाटते. परंतु त्याच्या कार्याची कल्पना त्यावरून क्वचितच येते. रेल्वेचा वारसा म्हणजे नेमके काय व त्यातील कोणता भाग टिकतो, हा या विषयातील मध्यवर्ती प्रश्न होय. महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्यात बोरघाटाचा ऐतिहासिक मार्ग, माथेरानचा चालता लघुमार्ग आणि मुरुडसारखा लोहमार्ग कधीच न पोहोचलेला किनारा असे तिन्ही प्रकार थोड्या अंतरात आढळतात. म्हणून प्रस्तुत नोंदीत त्या जिल्ह्याचा विचार काहीशा विस्ताराने केला आहे.

उगम व विकास : रेल्वेच्या वस्तू जपून ठेवण्याची कल्पना रेल्वेच्या जन्मानंतर लवकरच पुढे आली. इंग्लंडमधील स्टॉक्टन–डार्लिंग्टन मार्ग १८२५ मध्ये आणि लिव्हरपूल–मँचेस्टर मार्ग १८३० मध्ये सुरू झाला. त्यापूर्वी कोळशाच्या खाणीत काम करणारे ‘पफिंग बिली’ हे एंजिन व स्टीव्हन्सनचे प्रसिद्ध ‘रॉकेट’ (१८२९) ही दोन्ही १८६२ मध्ये लंडनच्या पेटंट कार्यालयाच्या संग्रहालयात आली व पुढे तेथील विज्ञान संग्रहालयाकडे गेली. केवळ रेल्वेला वाहिलेली संग्रहालये मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निघाली. नॉर्वेतील हामार येथील संग्रहालय १८९६ मध्ये व जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथील १८९९ मध्ये स्थापन झाले. इंग्लंडमध्ये यॉर्क येथे एका रेल्वे कंपनीने १९२८ मध्ये संग्रहालय उघडले आणि त्याच शहरात १९७५ मध्ये राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय सुरू झाले.

या परंपरेला वेगळे वळण दिले ते वेल्समधील टॅलिलिन या लहानशा अरुंदमापी मार्गाने. तो बंद पडण्याच्या बेतात असताना हौशी मंडळींनी एक संस्था काढून १९५१ पासून तो स्वतः चालविण्यास घेतला. गाडी, मार्ग, स्थानक आणि काम करण्याची पद्धत या सर्वांचे एकत्र जतन करण्याचा हा पहिला महत्त्वाचा प्रयोग मानला जातो. स्थिर संग्रहालय व चालता वारसा-मार्ग असे दोन प्रवाह तेव्हापासून रूढ झाले आहेत. दुसरा प्रवाह खर्चिक व कष्टाचा आहे. पण पाहणाऱ्याला रेल्वे समजते ती बहुधा त्यातूनच.

भारतातील संग्रहालये : भारतात १८५३ पासून शंभराहून अधिक वर्षे जुनी एंजिने मोडीत काढण्याचीच प्रथा होती, एखादे एंजिन कारखान्याच्या किंवा कचेरीच्या आवारात शोभेसाठी ठेवले जाई एवढेच. नवी दिल्लीतील चाणक्यपुरी येथील राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाची कोनशिला राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांच्या हस्ते ७ ऑक्टोबर १९७१ रोजी बसविण्यात आली व १ फेब्रुवारी १९७७ रोजी ते खुले झाले. त्याच्या उभारणीत मायकेल सॅटो या इंग्रज तज्ञाचा सल्ला मोलाचा ठरला. म्हैसूर येथील संग्रहालय १९७९ मध्ये निघाले. हरियाणातील रेवाडी येथे १८९३ मध्ये उभारलेल्या एंजिनशाळेचे पुढे वारसा-केंद्रात रूपांतर झाले. तेथील वाफेची एंजिने चालत्या स्थितीत ठेवली जातात.

दिल्लीच्या संग्रहात ‘फेअरी क्वीन’ या १८५५ च्या एंजिनाचे स्थान विशेष आहे. लीड्स येथे बनलेले हे एंजिन ईस्ट इंडियन रेल्वेने वापरले. १९९७ मध्ये ते दुरुस्त करून पुन्हा रुळावर आणण्यात आले व नियमित सेवेतील जगातील सर्वांत जुने वाफेचे एंजिन म्हणून १९९८ मध्ये गिनीज विक्रमग्रंथात त्याची नोंद झाली. अजमेरच्या कारखान्यात १८९५ मध्ये तयार झालेले व भारतात बांधलेले पहिले मानले जाणारे मीटरमापी एंजिनही येथेच आहे. पतियाळा संस्थानची एकरुळी गाडी (१९०७) हा एक चमत्कारिक प्रकार होय. तिच्या भाराचा मोठा भाग एका रुळावर व उरलेला रस्त्यावर चालणाऱ्या एका मोठ्या चाकावर पडे. महाराष्ट्रातील वाचकास जवळची वाटावी अशी एक वस्तू म्हणजे ‘सर लेस्ली विल्सन’ हे विजेवर चालणारे एंजिन. लांब नाक व मधोमध सांधा असलेल्या या वर्गाच्या एंजिनांनी मुंबई–पुणे मार्गावरील घाटात अनेक दशके मालगाड्या ओढल्या. त्यांच्या डौलावरून व आवाजावरून रेल्वे कामगार त्यांना ‘खेकडा’ म्हणत.

या संग्रहालयांतील दालने पाहताना एक गोष्ट ध्यानात येते. तेथे राजेमहाराजांचे खास डबे, म्हणजे सलून, भरपूर आहेत. प्रिन्स ऑफ वेल्सच्या १८७५ च्या भारतभेटीसाठी बनविलेला डबा, बडोद्याच्या गायकवाडांचे १८८६ चे सलून व म्हैसूरच्या महाराणीचे १८९९ चे सलून ही त्यांची ठळक उदाहरणे. या डब्यांतील सागवानी नक्षीकाम, गाद्या व पितळी कड्या शंभर वर्षांनंतरही शाबूत आहेत. ज्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यांतून कोट्यवधी लोकांनी प्रवास केला, त्यांचे मूळ नमुने मात्र अगदी तुरळक आढळतात. याचे कारण सरळ आहे. सलून वर्षातून मोजके दिवस बाहेर पडत असे. तिसऱ्या वर्गाचा डबा रोज धावे, त्याची बाके झिजत, लाकूड कुजे, लोखंड गंजे व अखेर तो भंगारात जाई. १९४८ मध्ये महात्मा गांधींच्या अस्थी अलाहाबादला नेणारा तिसऱ्या वर्गाचा डबा जपला गेला, तो एका असामान्य प्रसंगामुळे. जे सर्वाधिक वापरले गेले ते सर्वांत कमी उरले, असा रेल्वे संग्रहांचा सर्वसाधारण अनुभव आहे आणि केवळ दालनात दिसणाऱ्या वस्तूंवरून रेल्वेच्या इतिहासाचा अंदाज बांधणाऱ्याची त्यामुळे फसगत होते.

संग्रहालय पाहताना म्हणून काही तपशिलांकडे मुद्दाम लक्ष द्यावे लागते. पहिला तपशील मार्गमापाचा. दोन रुळांतील अंतर भारतात मुख्यतः चार प्रकारचे असे : रुंदमापी (१·६७६ मी.), मीटरमापी (१ मी.) आणि अरुंदमापीचे दोन प्रकार (७६·२ सेंमी. व ६१ सेंमी.). या अंतरावरून मार्ग कोणत्या हेतूने, किती भांडवलात व कशा भूप्रदेशात टाकला होता हे पुष्कळसे कळते. दुसरा तपशील एंजिनाच्या बाजूवरील कारखान्याच्या पट्टीचा. त्यावर लीड्स, ग्लासगो, मँचेस्टर अशी गावे दिसतात. १९५० पासून चित्तरंजनचे नाव दिसू लागते. ही पट्टी म्हणजे वसाहतकालीन व्यापाराचा एक छोटा दाखलाच होय. तिसरा तपशील सर्वांत दुर्लक्षित, तो म्हणजे हाताळण्याच्या लहान वस्तूंचा : पुठ्ठ्याचे तिकीट व त्यावर तारीख उठविण्याचे यंत्र, एकेरी मार्गावर समोरासमोर टक्कर होऊ नये म्हणून स्टेशनमास्तर चालकाच्या हाती देई तो लोखंडी गोळा, हातदिवा, सांधेवाल्याची झेंडी. एडमंडसन या इंग्रज कर्मचाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ केलेले पुठ्ठ्याचे क्रमांकित तिकीट भारतात दीड शतक चालले आणि संगणकीय तिकिटे आल्यावर पाहता पाहता नाहीसे झाले.

महाराष्ट्र : भारतातील पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे या ३४ किमी. मार्गावर धावली. चौदा डबे, सुमारे चारशे निमंत्रित व एकवीस तोफांची सलामी हा तपशील शालेय पुस्तकांतून सर्वांना परिचित आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या स्थापनेत जगन्नाथ शंकरशेट व जमशेटजी जिजीभाई यांचा पुढाकार होता. गाडी ओढणारी ‘सिंध’, ‘साहिब’ व ‘सुलतान’ ही तीन एंजिने आणि त्यापूर्वी १८५२ मध्ये मार्गाच्या बांधकामावर वापरलेले ‘लॉर्ड फॉकलंड’ यांपैकी एकही आज अस्तित्वात नाही. ज्या घटनेपासून भारतीय रेल्वेचा इतिहास सुरू होतो, तिचा प्रमुख साक्षीदारच असा हरवला आहे. त्या काळच्या लोकांचे कुतूहल मात्र छापील स्वरूपात टिकले. कृष्णशास्त्री भाटवडेकर यांचे लोखंडी सडकांचे चमत्कार (१८५४) हे छोटे पुस्तक मराठी वाचकाला या नव्या वाहनाची ओळख करून देण्यासाठी लिहिले गेले. गोविंद नारायण माडगांवकर यांच्या मुंबईचे वर्णन (१८६३) या ग्रंथातही रेल्वेची माहिती आली आहे. अशी पुस्तके रेल्वे संग्रहालयाच्या कपाटात एंजिनाइतकीच मोलाची ठरावीत.

राज्यातील सर्वांत मोठी रेल्वे-वारसावास्तू म्हणजे मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स याच्या आराखड्यानुसार १८७८ ते १८८८ या काळात ती बांधली गेली व २००४ मध्ये यूनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत तिचा समावेश झाला. इमारतीत मध्य रेल्वेने एक छोटे वारसा-संग्रहालय मांडले आहे. वास्तू आजही मूळ उपयोगात असल्यामुळे तिचे महत्त्व दुणावते. पुण्यात कोथरूड येथे १९९८ पासून लघुप्रतिकृतींचे एक खाजगी संग्रहालय चालू आहे. तेथे जुन्या वस्तूंऐवजी चालत्या लहान गाड्यांद्वारे रेल्वेचे कार्य समजावून दिले जाते आणि मुलांना ते फार आवडते.

नागपूरच्या मोतीबाग येथील अरुंदमापी रेल्वे संग्रहालय (२००२) हे या विषयाच्या अभ्यासकाने आवर्जून पाहावे असे आहे. विदर्भ, छत्तीसगड व महाकोशलच्या जंगलमुलखात बंगाल–नागपूर रेल्वेने ७६·२ सेंमी. मापाचे मोठे जाळे विणले होते. गोंदियाहून जबलपूरकडे जाणारा सातपुडा मार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी पूर्ण झाला व नागपूरहून छिंदवाडा, नागभीड या दिशांना फाटे गेले. मोतीबागच्या आवारात या मार्गांवरील वाफेची व डीझेल एंजिने, डबे, वाघिणी, सिग्नल व हत्यारे मांडली आहेत. संग्रहालय उघडले तेव्हा बाहेरच्या मार्गावरून त्याच मापाच्या गाड्या धावत होत्या. नागपूर–छिंदवाडा अरुंदमापी मार्ग २०१५ मध्ये व इतवारी–नागभीड मार्ग २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाला आणि संग्रहालयाचा आपल्या जिवंत नमुन्याशी असलेला संबंध तुटला.

राज्यात इतरत्रही हेच घडले. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने उभारलेली बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये कुर्डुवाडीपासून (तेव्हाचे बार्शी रोड) बार्शीपर्यंत सुरू झाली. ती १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर व १९२७ मध्ये मिरज येथे पोहोचली. प्रत्येक आसावरील भार पाच टनांपेक्षा जास्त होऊ न देता तो सर्व आसांवर सारखा वाटला तर हलक्या रुळांवरूनही मोठी वाहतूक करता येते, हे कॅलथ्रॉपने या मार्गावर सिद्ध केले व त्याची दखल जगभर घेतली गेली. आषाढी-कार्तिकीला ही गाडी वारकऱ्यांनी फुलून जाई. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून २०१० पर्यंत या मार्गाचे टप्प्याटप्प्याने रुंदीकरण झाले. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर ही ‘शकुंतला’ नावाने ओळखली जाणारी गाडी १९९४ पर्यंत वाफेच्या एंजिनावर चालत होती. पुढे डीझेलवर चालून तीही थांबली. पाचोरा–जामनेर मार्ग २०२० मध्ये बंद झाला. रुंदीकरणाची गरज कोणी नाकारणार नाही. बार्शीच्या शेतकऱ्याला व लातूरच्या विद्यार्थ्याला मुंबईची थेट गाडी हवी होती आणि ती मिळाली हे योग्यच झाले. तथापि पाचशे-सहाशे किलोमीटर मार्गांपैकी दहा किलोमीटर तरी चालत्या स्थितीत ठेवण्याचा विचार वेळेवर झाला नाही, हे नमूद करणे भाग आहे. परिणामी नियमित प्रवासी वाहतूक असलेला राज्यातील अरुंदमापी मार्ग म्हणून आता केवळ नेरळ–माथेरान उरला आहे. तो रायगड जिल्ह्यात आहे.

रायगड जिल्हा : पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याचे रायगड हे नामांतर १९८१ मध्ये झाले. त्याच्या ईशान्य कोपऱ्यातील कर्जत तालुका बोरघाट बांधला गेला तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. १८९१ मध्ये तो कुलाब्यात आला. रेल्वे कल्याणहून १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत आली व घाटमाथ्यावर खंडाळा–पुणे हा भाग १८५८ मध्ये सुरू झाला. मधला घाट उतारूंना पालखी, तट्टू वा बैलगाडीने चढावा लागे. पळसदरी ते लोणावळा हा सुमारे २५ किमी.चा घाटमार्ग १८५६ ते १८६३ या काळात बांधण्यात आला. त्यात सुमारे ५५८ मी. चढ, २५ बोगदे व आठ मोठे पूल होते आणि सर्वांत तीव्र चढण ३७ स एक अशी होती. मुख्य अभियंता जेम्स जॉन बर्कली याचे काम पूर्ण होण्याआधीच १८६२ मध्ये निधन झाले.

या बांधकामाचा इतिहास हा प्रामुख्याने माणसांचा इतिहास आहे. पहिला कंत्राटदार फेव्हिएल याच्या काळात मजुरी थकल्यामुळे १८५९ च्या आरंभी मजुरांचा उठाव झाला व त्याने काम सोडले. दुसरा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल त्याच वर्षी भारतात येऊन थोड्याच दिवसांत मरण पावला. त्याची पत्नी ॲलिस हिने कंत्राट स्वतःच्या नावे चालू ठेवले आणि अनुभवी अभियंत्यांकरवी ते पुरे करून घेतले. १८६१ च्या सुमारास कामावर चाळीस हजारांहून अधिक मजूर होते. दोरीला लोंबकळत कातळात सुरुंगाची भोके पाडणे, बोगद्यातील दगड डोक्यावरून वाहणे अशी ही कामे. अपघात व त्याहून अधिक प्रमाणात पटकी आणि हिवताप यांनी हजारो मजूर दगावले. गव्हर्नर बार्टल फ्रिअर याने १८६३ मध्ये मार्गाचे उद्‌घाटन केले. घाटातील एक मोठा दगडी पूल १८६७ मध्ये कोसळला. या मजुरांची नावे कोणत्याही दालनात नाहीत. त्यांच्या पहारी व टोपल्या काम संपताच मोडून गेल्या. घाटातील जुन्या बोगद्यांची तोंडे व दगडी पुलांचे खांब हीच काय ती त्यांची खूण.

खंडाळ्याजवळ चढण अत्यंत तीव्र असल्यामुळे मार्ग एका बंद टोकाशी नेऊन तेथे एंजिन दुसऱ्या बाजूस जोडावे लागे व गाडी उलट दिशेने पुढे जाई. हे उलटफेरीचे स्थानक ही बोरघाटाची प्रसिद्ध रचना होती. विद्युतीकरणाच्या वेळी नवे बोगदे खोदून मार्ग बदलण्यात आला व १९२९ मध्ये हे स्थानक निकामी झाले. त्याच परिसरातील घाटरस्त्यावरचा १८३० चा दगडी पूल, ज्याला लोक ‘अमृतांजन पूल’ म्हणत, तो द्रुतगती मार्गावरील वाहतुकीस अडथळा म्हणून एप्रिल २०२० मध्ये पाडण्यात आला. तो रेल्वेचा नव्हता. परंतु घाट चढण्याच्या तीन पद्धती, म्हणजे जुना रस्ता, जुना लोहमार्ग व नवा लोहमार्ग, एका दृष्टिक्षेपात दाखविणारे ते स्थळ आता अपुरे झाले आहे. अभ्यासू प्रवाशाला घाटात अजूनही बरेच पाहता येते. कर्जत येथे गाडीला मागून ढकलणारी जादा एंजिने लागतात. उतरणीवर ब्रेक निकामी झालेली गाडी चढावर वळवून थांबविण्यासाठी ठेवलेले बचावमार्ग आहेत आणि उतरणाऱ्या गाड्या तेथे थांबून ब्रेकची खात्री करूनच पुढे निघतात. दीडशे वर्षांची ही सावधगिरी कोणत्याही संग्रहालयात मांडता येणार नाही.

माथेरानचा लघुमार्ग याच्या अगदी उलट प्रकृतीचा आहे. ठाण्याचा जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट याने १८५० मध्ये या डोंगराकडे इंग्रजांचे लक्ष वेधले. मुंबईचे उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने सुमारे १६ लाख रुपये खर्चून, त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांच्या देखरेखीखाली १९०४ ते १९०७ या काळात ही ६१ सेंमी. मापाची सुमारे २० किमी. लांबीची गाडी उभी केली. चढण कोठे कोठे २० स एक इतकी तीव्र व वळणे अतिशय अरुंद. त्यासाठी जर्मनीतील ओरेनस्टाइन व कॉपेल कंपनीकडून खास एंजिने मागविण्यात आली. त्यांच्या टोकाच्या चाकांचे आस वळणावर आडवे सरकू शकत. त्यामुळे सहा चाकांचे एंजिन अडकत नसे. कॅलथ्रॉपचा सल्ला येथेही घेतला होता. वाफेचे युग संपल्यावर ही मूळ चार एंजिने विखुरली. त्यांतील एक दिल्लीच्या संग्रहालयात आहे व एक इंग्लंडला गेले.

हा मार्ग जिवंत ठेवणे सोपे नाही. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत तो ठिकठिकाणी वाहून गेला व २००७ मध्ये पुन्हा सुरू झाला. डबे घसरल्यामुळे २०१६ मध्ये तो काही काळ बंद ठेवण्यात आला. २०१९ च्या पावसात पुन्हा नुकसान झाले आणि नेरळ–माथेरान पूर्ण प्रवास ऑक्टोबर २०२२ पर्यंत होऊ शकला नाही. मधल्या काळात अमन लॉज ते माथेरान एवढीच फेरी चालू होती. दार्जिलिंग (१९९९), निलगिरी (२००५) व कालका–सिमला (२००८) या डोंगरी रेल्वेंना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. माथेरान प्रतीक्षा-यादीत राहिले आहे. पावसाळ्यात गाडी बंद असते तेव्हा रूळ, भिंती व मोऱ्या यांची डागडुजी करणारे कर्मचारी हेच या वारशाचे खरे जतनकर्ते होत.

मुरुड व किनारपट्टी : जिल्ह्याच्या दक्षिण किनाऱ्यावरील मुरुड ही जंजिरा संस्थानची राजधानी होती. सिद्दी नबाबांचे हे संस्थान १९४८ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले. भारतातील पुष्कळ संस्थानिकांनी प्रतिष्ठेसाठी व व्यापारासाठी स्वतःच्या रेल्वे उभारल्या. बडोद्याचे डभोईभोवतालचे जाळे, कोल्हापूर संस्थानची मिरज–कोल्हापूर रेल्वे (१८९१) व वर उल्लेखिलेली पतियाळाची एकरुळी गाडी ही त्याची उदाहरणे. जंजिऱ्याची सत्ता मात्र समुद्रावर वाढली. काठेवाडातील जाफराबादही तिच्या ताब्यात असे. बेटावरील किल्ला, राजपुरीची खाडी आणि मागे फणसाडचे डोंगर अशा या मुलखाला लोहमार्ग परवडणारा नव्हता व त्याची निकडही नव्हती. म्हणून राष्ट्रीय संग्रहालयात संस्थानिकांच्या डब्यांची रांग पाहताना मुरुडच्या नबाबाचा डबा शोधणाऱ्याची निराशा होते. त्याची वाहने होड्या होत्या आणि लाकडी होडी सलूनइतकी टिकत नाही.

मुंबईशी या किनाऱ्याचा संबंध आगबोटीने होता. आगगाडी व आगबोट ही जोडनावे मराठीत एकाच सुमारास रुळली. दोहोंचे बळ एकाच वाफेचे. कोकणातील चाकरमान्याने मुंबईची गिरणी, गोदी व रेल्वेचे कारखाने भरले. पण गावाहून तो आला तो बहुधा पडावातून किंवा आगबोटीतून. या प्रवासाची जोखीम १७ जुलै १९४७ रोजी भीषण रीतीने प्रकट झाली. मुंबईच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ ही बोट वादळी समुद्रात बुडाली व सहाशेंहून अधिक उतारू मृत्युमुखी पडले. अलिबाग, रोहे, मुरुड या भागांतील अनेक कुटुंबांत तो दिवस अद्याप स्मरला जातो. रस्ते वाढल्यावर किनाऱ्यावरील आगबोटींची वाहतूक क्षीण होत गेली आणि १९८० च्या दशकानंतर ती जवळजवळ संपली. या बोटींपैकी जपलेली म्हणावी अशी एकही नाही. धक्के, तिकीटघरे व प्रवाशांच्या नोंदवह्या यांचीही नीट मोजदाद झालेली नाही. वाहतुकीचा इतिहास रेल्वेपुरताच सांगितला की रायगडाच्या पश्चिमेचा अर्धा भाग त्यातून गळतो.

लोहमार्ग किनाऱ्याकडे फार सावकाश सरकला. दिवा–पनवेल मार्ग १९६४ मध्ये, पनवेल–आपटे १९६६ मध्ये व आपटे–रोहे १९८६ मध्ये सुरू झाला. पेणजवळून थळच्या खतकारखान्यापर्यंत फाटा गेला, तो मालवाहतुकीसाठी. कोकण रेल्वे महामंडळाची स्थापना १९९० मध्ये झाली. मधु दंडवते व जॉर्ज फर्नांडिस यांचा पाठपुरावा आणि ई. श्रीधरन यांचे नेतृत्व यांमुळे रोहे ते मंगळूरजवळील ठोकूर हा सुमारे ७४० किमी.चा मार्ग जानेवारी १९९८ मध्ये पूर्ण झाला. खाड्यांची मुखे फार रुंद असल्यामुळे तो समुद्रापासून आत, कोलाड, माणगाव, वीर या बाजूने नेण्यात आला. किनाऱ्यावरील तालुके बाजूला राहिले. जिल्ह्याच्या उत्तर टोकास उरणपर्यंत उपनगरी गाडी जानेवारी २०२४ मध्ये पोहोचली. मुरुड तालुक्यात मात्र रूळ पडलेला नाही. तेथील विद्यार्थ्यांना बोरघाट किंवा माथेरानचा मार्ग पाहावयाचा असल्यास आधी डोंगर ओलांडून एस.टी.ने रोह्यास यावे लागते व तेथून पनवेलमार्गे कर्जत–नेरळकडे वळावे लागते.